वहिनी तक्रार करायची

रक्षाविसर्जनाच्या दिवशी कृष्णेच्या काठावर गावातले एक पुढारी बोलायला उभे राहिले. टोपी सारखी केली, घसा खाकरला आणि म्हणाले, "सुभद्राबाईंनी आयुष्यात कधी कशाची तक्रार केली नाही. धरणीसारखं सगळं निमूट सोसलं." आमचे आबा खांद्यावरच्या पंच्यानं डोळे टिपत होते. आई बायकांत बसून मान डोलवत होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आमच्याकडं नदीवर भाषणं पुरुषांनीच करायची, बायकांनी पदर तोंडाला लावून ऐकायची. तेव्हा तिथं जे बोलता आलं नाही ते आता इथं लिहिते. वहिनी तक्रार करायची. रोज करायची, आणि मोठ्यानं करायची. ऐकायला कुणी तयार नव्हतं, एवढंच.

सुभद्रा ही माझी थोरली भावजय. तिच्या जाण्याची तार माधवनगरला आली. आमचे हे नुकतेच मिलमधून पाळी संपवून आले होते. तारेत लिहिलं होतं, 'सुभद्रा सीरियस, ताबडतोब निघा'. तारेतल्या सीरियसचा अर्थ काय असतो ते आता सगळ्यांना माहीत झालंय. मी तशीच एसटीत बसून कराडच्या पुढं आमच्या गावाला निघाले. घरी पोचले तेव्हा तिला नेलंही होतं. सोप्यात बसलेल्या कुणीतरी मला बघून म्हटलं, "लय सोशिक बाई हुती गं." तिथूनच या सोशिकपणाचं सुरू झालं.

ती सोशिक नव्हती हो. आटपाडीकडची, दुष्काळी मुलखातली पोरगी, बोलायला फटकळ आणि हसायला त्याहून मोकळी. आई लहानपणीच गेलेली. आमच्या घरात आली तेव्हा दादा पलटणीत होता. रजेवर यायचा, परत जायचा. वहिनी नि मी एका वयाच्या. माझं लग्न ठरलं तेव्हा माझ्याआधी तीच रडली, आणि वर मलाच म्हणाली, "वन्सं, तुमी गेल्यावर मी भांडू कुणासंगं?"

चीनची लढाई होऊन गेली होती, दादा कुठंतरी सरहद्दीवर होता, तेव्हाची ही गोष्ट. मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले आणि बघते तर वहिनीलाही दिवस गेलेले. तिला माहेर नव्हतंच म्हणायचं, म्हणून तिचं बाळंतपण सासरीच. आईनं आम्हा दोघींना एका जात्यावर समोरासमोर बसवलं. गावात पिठाची गिरणी आली होती, तिची पुकपुक घरात ऐकू यायची. पण आईचं म्हणणं असं, की पोटुशी बाईनं पाय फाकून जात्यावर बसलं की बाळंतपण मोकळं होतं. तिच्या आईनं तिला बसवलं, तिच्या आईला तिच्या आईनं. मला काहीच त्रास नव्हता. मी ओव्या म्हणत खुंटा फिरवायची, सारवायची, घागर कमरेवर घेऊन यायची. माझ्यासमोर वहिनी ओठ चावत बसलेली असायची. म्हणायची, मांड्यांच्या सांध्यात कुणीतरी पहार घालून उचकटतंय. कूस बदलताना जीव जातो. लुगडं नेसताना एक पाय उचलावा तर दुसरा धरत नाही. हे तिनं आईला सांगितलं, चुलतीला सांगितलं, पाण्याला येणाऱ्या बायकांना सांगितलं. आणि आई दर वेळी माझ्याकडं बोट दाखवायची. "ही बी गरवारच हाय की. हिला कुटं काय हुतंय? नाचता यीना, अंगण वाकडं!"

या गोष्टीचा राग मला आजही गिळता येत नाही. माझी चांगली तब्येत हा माझा गुण नव्हता, नशीब होतं. पण माझ्या दोन धडधाकट पायांचा सोटा करून त्या घरानं तिला बडवलं. मी उंबरा ओलांडला की तिला ऐकून घ्यावं लागायचं. मी घागर उचलली की तिला. मी भांडले नाही असं नाही, चांगली कडाडून भांडले. तर आई म्हणाली, तू माहेरवाशीण, दोन दिवसांची पाहुणी, तू घरच्या सुनेत पडू नकोस.

एके दिवशी दुपारी वहिनीला परसात जायचं होतं. उभं राहवेना. ती खाली बसली, हात टेकले आणि रांगत उंबऱ्यावरून गेली. सोप्यात माणसं होती. आमची चुलती म्हणाली, "लेकरू यायच्या आदी आईच रांगाय लागली की!" आणि सगळी हसली. आबाही हसले. वहिनीनं उंबऱ्यावरूनच मान वळवून सगळ्यांकडं बघितलं आणि तशीच पुढं गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंथरुणातून उठलेच नाही. "आई, मला पाय उचलंना. मांड्यांच्या सांध्यात पहार घातल्यागत हुतंय," म्हटलं. वहिनीचे शब्द जसेच्या तसे उचलले. मग काय विचारता! आईच्या हातातलं भांडं खाली पडलं. मीठमोहऱ्या ओवाळून झाल्या, तेल कोमट झालं, डोक्याखाली दोन उशा आल्या. नाटकं करतेस, असं कुणीही म्हणालं नाही. आबांनी कराडहून भाड्याची मोटार मागवली. मी हट्ट धरला, सांगलीला माझ्या डॉक्टरीणबाईंकडंच जाईन आणि सोबतीला वहिनीच पाहिजे. माझा हट्ट मोडायची कुणाची छाती होती? वहिनीला मोटारीत चढता येईना, तर आबा म्हणाले, लवकर चढ, पोरीला तरास हुतोय!

दवाखान्यात आबा बाहेर बाकावर बसले. आत गेल्यावर मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं, मला काही झालेलं नाही, हिला बघा. त्यांनी आधी माझ्याकडं रोखून बघितलं, मग वहिनीला झोपवलं. ओटीपोटाखालच्या हाडावर हात ठेवला मात्र, ती किंचाळली. बाईंनी तिला सावकाश विचारलं, तिनं सावकाश सांगितलं. "काही जणींचा इथला सांधा दिवस भरत जातात तसा सैल पडतो," त्या म्हणाल्या. "हे ढोंग नाही, बाळ." जातं बंद, सारवण बंद, कमरेवर घागर नाही. कूस बदलताना गुडघे जोडून ठेवायचे. लुगडं बसून नेसायचं. आणि पोटाखालून कमरेभोवती रुंद पट्टी घट्ट बांधायची. वहिनीनं बाकी काय ऐकलं कोण जाणे. ढोंग नाही हे ऐकल्यापासून ती रडत होती.

बाहेर येऊन मी आबांना सगळं खरं सांगितलं. रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी पंचा झटकून पुन्हा खांद्यावर टाकला. मग वहिनीकडं न बघता म्हणाले, "मग आदी सांगायचं की गं."

वहिनीनं सासऱ्यांना कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. त्या दिवशी दिलं. "सांगत हुते की मामंजी. रोज सांगत हुते. तुमी वन्सं कवा सांगत्यात त्याची वाट बगत हुता." आबांनी मोटारवाल्याला हाक मारली.

दादाच्या ट्रंकेत पायाला गुंडाळायच्या लोकरी पट्ट्या होत्या, खाकी. त्यातली एक मी तिच्या कमरेला आवळून बांधली. ती उभी राहिली, भिंत धरून चालली, आणि किती दिवसांनी हसली. तिला मुलगी झाली, मला मुलगा. पुढं ते दुखणं हळूहळू कमी झालं, पण घरात तिला नाव पडलं ते पडलंच. रडकी. काही बोलली की, "झालं हिचं सुरू."

या शेवटच्या दुखण्यात तिच्या पोटात उजव्या बाजूला दुखत होतं. मी माधवनगरला. हे मला आईनं सांगितलं नाही, आबांनी तर नाहीच. शेजारची शालन, नवी सून, तिनं सांगितलं. वहिनी भिंतीला टेकून ओरडत होती, दवाखान्यात न्या म्हणत होती. हिचं नेहमीचंच, म्हणून आधी ओवा दिला, मग एरंडेल पाजलं. ताप चढून ती बडबडायला लागली तेव्हा कराडला नेलं. आतडं सडून फुटलं होतं. डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात. बैल गेला नि झोपा केला! शालन म्हणते, बडबडताना वहिनी मला हाका मारत होती. "वन्संला सांगा, त्या सांगतील," म्हणत होती.

दादा दहाव्याच्या आदल्या दिवशी पोचला. सोप्यात उभा राहून त्यानं एवढंच विचारलं, कधीपासून दुखत होतं? सोपा माणसांनी भरलेला होता. उत्तर मी दिलं. सगळं, जात्यापासून एरंडेलापर्यंत, सगळ्यांदेखत. आई उठून आत गेली. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. न बोलू दे.

दहाव्याच्या संध्याकाळी परसात शालन आली. सहावा-सातवा महिना असेल. लुगड्यावरून कमरेला ती खाकी पट्टी आवळलेली, कडा झिजून धागे निघालेले. वहिनीनं दुखण्यानं पडायच्या आधी स्वतःच्या हातानं तिला बांधली होती म्हणे. शालन ती सोडायला लागली. म्हणाली, वारलेल्या माणसाची वस्तू, अंगावर ठेवू नये म्हणतात. तिच्या घरात विचारलं तर सगळे म्हणाले, परत देऊन ये, तुला कुठं एवढं दुखतंय?

"दुखतं का?" मी विचारलं.

तिनं मान खाली घातली. "व्हय. लय."

मी गाठ पुन्हा आवळून बांधली, वहिनीला बांधली होती तशी. आणि आतल्या सोप्यात बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "ठेव तुझ्याकडं. आणि दुखलं की बोंबल."