वरच्या मजल्यावरचे लघुग्रह

कोलकात्यात बालीगंजला आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे गृहस्थ पृथ्वीजवळून जाणारे लघुग्रह किती मोठे ते मोजतात. बोलण्याआधी "दाँडाओ, दाँडाओ", म्हणजे थांब थांब, म्हणतात आणि चहा पिण्याआधी कपाजवळ पालथा हात धरून बघतात. भौतिकशास्त्र मी शाळेत शिकवतो, पण माझी मुलगी प्रश्न घेऊन त्यांच्याकडे पळते.

एकदा जेवताना ती म्हणाली, "बाबा, छोटा पांढरा दगड आणि मोठा काळा दगड साध्या दुर्बिणीतून सारखेच चमकतात. म्हणून काका इन्फ्रारेड दुर्बिणीने उष्णता बघतात. मोठ्याची जास्त असते."

"हे मीसुद्धा सांगितलं असतं!" माझा आवाज चढला. खिडकी उघडी होती.

दुसऱ्या दिवशी ती वरून लगेच परत आली. "आकार कळला, पण दगड काळा की पांढरा हे कसं कळतं? काका म्हणाले, हे बाबांना विचार."

"आकाराच्या मानाने तो किती चमकतो ते बघायचं. कमी चमकला तर काळा."

ती मन लावून ऐकत होती. हे तर त्यांचं रोजचं काम. उत्तर त्यांना माझ्याहून चांगलं येत होतं. त्या दिवशी मला त्यांचा सगळ्यात जास्त हेवा वाटला.