सील शाबूत होतं

त्या प्रकरणाचा विषय निघाला की मला आजही आधी स्वतःचाच राग येतो. नोकरीत चुका सगळ्यांच्याच होतात, माझ्याही झाल्या. पण बाकीच्या चुकांची किंमत थोडीफार मीही मोजली. या चुकीची पूर्ण किंमत दुसऱ्याने मोजली, म्हणून ती लिहितो आहे. नावं कुणाचीच देत नाही.

मी तेव्हा जळगावच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपून चहा घेत होतो, तेवढ्यात एका कारखान्याचे व्यवस्थापक तक्रार घेऊन आले. त्यांचं मोठं यंत्र बंद पडलं होतं आणि त्याचे इलेक्ट्रॉनिक भाग सुरतेहून एक्सप्रेस गाडीने, म्हणजे थेट धावणाऱ्या बंद ट्रकने, मागवले होते. सहा खोक्यांपैकी चारच पोचली. गाडी तासाभराहून जास्त उशिरा आली आणि कागदावर दोन चालकांची नावं असताना गाडीत एकच होता.

मी गाडी ठाण्यात आणली, दोन पंच बोलावले, पंचनामा केला. दाराला लोखंडी सील होतं. माल उतरवताना व्यवस्थापकांनी ते कापलं होतं; त्यापूर्वी ते नीट होतं, असं त्यांनीच सांगितलं. मी लिहून घेतलं, ‘सील शाबूत.’ सीलवर एक नंबर कोरलेला होता. तो मी लिहिला नाही. खरं सांगायचं तर मी तोवर सील असलेली गाडी अशी हाताळलीच नव्हती. माझ्या डोक्यात ट्रक म्हणजे ताडपत्री, दोरखंड, चालक आणि क्लीनर. गाड्या सगळ्या सारख्याच, असं मी धरून चाललो.

चालक पिंपळनेरकडचा, चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस होता. जीपीएसच्या नोंदीत गाडी सकाळी धुळ्यात सत्तर मिनिटं थांबलेली दिसत होती. मी विचारलं, “धुळ्यात का थांबलास?”

तो शर्टाची बाही सारखी करत राहिला.

“जोडीदार कुठे आहे?”

“धुळाले उतरना, साहेब.”

“का उतरला?”

तो म्हणाला, “मी चोरी करेल नही, साहेब. बारा वरीस एक्सप्रेसवर शे. सीलना नंबर देखी ल्या. बाकीनं माले इचारू नका.”

चौकशीला बसलेल्या माणसाने ‘बाकीचं विचारू नका’ म्हटलं, की पोलिसाचा संशय दुप्पट होतो. मी त्यातलं एवढंच वाक्य ऐकलं. त्याच्या आधीचं, ज्यात सगळा तपास होता, ते कानाआड केलं.

दुपारी धुळ्याच्या एका खबऱ्याचा फोन आला. दुसरा चालक सकाळी एका गोदामापाशी हातात पिशवी घेऊन उतरताना दिसला होता. झालं, मी सुतावरून स्वर्ग गाठला. पिशवीत माल, जोडीदार फरार, हा तोंड दाबून बसलेला. गाडीमालकाला फोन लावला तर तो म्हणाला, “दुसरा का उतरला मला माहीत नाही, साहेब. तुम्ही तुमचा तपास करा, माझं पूर्ण सहकार्य आहे.” इतकं गोड सहकार्य मिळालं की पोलिसाने सावध व्हावं, हे मी शिपायांना नेहमी सांगायचो. त्या दिवशी स्वतःच विसरलो.

दुसऱ्याचा फोन बंद होता. सातपुड्याच्या पायथ्याला त्याच्या गावी पथक पाठवलं, तो तिथेही नव्हता. मग मला युक्ती सुचली. याचा फोटो काढून ट्रान्सपोर्टवाल्यांच्या मोबाइल ग्रुपवर टाकायचा. याला ओळखणारे त्याच्या जोडीदारालाही ओळखतील. शिपायाने मोबाइल पुढे केला तसा चालक उठून उभा राहिला. चौकशी सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला.

“साहेब, मारा पाहिजे तर. फोटो नका काढू. आम्हना धंदामा फोटो फिरना म्हणजे माणूस मरना. बठ्ठा ड्रायव्हर देखतीन.”

“काढ रे,” मी शिपायाला म्हणालो.

आम्ही खाली लिहिलं होतं, ‘या इसमाचा साथीदार दिसल्यास कळवावे.’ संध्याकाळपर्यंत तोच फोटो आमच्याच हवालदाराच्या मोबाइलवर परत आला. मजकूर बदलला होता. ‘माल चोरणारा ड्रायव्हर, सावध राहा.’

दुसऱ्या दिवशी न्यायालयाने दोन दिवसांची पोलीस कोठडी दिली आणि मी चौकशीसाठी धुळ्याला गेलो. तिथे बाजारपेठेत एक बाई ट्रकचं बुकिंग ऑफिस चालवत. मूळच्या दोंडाईच्याच्या, पंचवीस वर्षं याच धंद्यात. सगळे त्यांना अक्का म्हणत. माझी हकिकत ऐकून त्या आधी हसल्या.

“साहेब, तुम्ही तर एक्सप्रेस गाडीचा तपास भरतीच्या गाडीसारखा करताय.”

“फरक काय त्यात? दोन्ही मालच नेतात.”

“एसटी आणि स्पेशल रिक्षा, दोन्ही माणसंच नेतात,” अक्का म्हणाल्या. “भरतीची गाडी पाच व्यापाऱ्यांचा माल गोळा करते, भरेपर्यंत थांबते, वाटेत उतरवते, चढवते. दोन दिवस पुढेमागे झाले तर कोणी ओरडत नाही. एक्सप्रेस म्हणजे एकाच पार्टीचा माल. गाडी पाऊण रिकामी असली तरी निघायची. एक झोपला की दुसऱ्याने चालवायची. सील लागलं की माल पोचल्याशिवाय दार उघडायचं नाही, वाटेत दुसऱ्याची सुतळीसुद्धा आत जाता कामा नये. त्या ड्रायव्हरला चहाला थांबायचं तरी फोन करावा लागतो. तो सत्तर मिनिटं स्वतःच्या मनाने थांबेल? त्याला कोणीतरी थांबवलं असेल. सीलचे नंबर जुळवले का तुम्ही?”

मला एकदम चालकाचं वाक्य आठवलं. माझा चेहरा बघून अक्का हसायच्या थांबल्या.

सुरतेच्या कंपनीने त्यांच्याकडच्या बिल्टीचा, म्हणजे सीलचा नंबर लिहिलेल्या मालाच्या पावतीचा, फोटो पाठवला. ठाण्यात फोन करून दारावरच्या सीलचा नंबर वाचून घेतला, तो वेगळाच निघाला. मी तडक त्या गोदामावर गेलो, ते गाडीमालकाचंच निघालं. नंबर समोर ठेवल्यावर मालकाचं गोड बोलणं आटलं. सहा खोक्यांसाठी अख्खी गाडी रिकामी धावते, हे त्याच्या जिवाला लागलं होतं. सुरतेतून निघतानाच त्याच्या माणसाने सील तोडून आत कापडाचे गठ्ठे भरले. ते धुळ्यात उतरवले आणि दाराला नवं सील लावलं. दुसऱ्या चालकाला तिथेच उतरवून इंदूरच्या गाडीवर पाठवलं. पिशवीत त्याचे कपडे होते.

दोन्ही खोकी गोदामातच गठ्ठ्यांच्या मागे सापडली. हमालांनी घाईत कापडाबरोबर उतरवली होती. चोरी झालीच नव्हती.

जळगावला परतल्यावर मी चालकाला समोर बसवलं. “हे पहिल्याच दिवशी का सांगितलं नाहीस?”

“मालकनी शब्द लिधेल होता, साहेब. कंपनीले समजनं तर गाड्या बंद, दहा ड्रायव्हर घर बसतीन. म्हणीसन तुम्हले नंबर देखाले सांगेल होतं.”

त्याने मालकाला दिलेला शब्द मोडला नाही आणि मला रस्ताही दाखवला. पोलिसाशी इतक्या प्रामाणिकपणे गप्प बसलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. मी त्याची माफी मागितली. तो मान खाली घालून म्हणाला, “फोटोनं काय?”

त्याला सोडलं, गुन्हा गैरसमजातून दाखल झाल्याचा अहवाल पाठवला, तो न्यायालयाने मंजूर केला. त्याच्या निर्दोषपणाचं पत्र ठाण्याच्या शिक्क्यानिशी दिलं, त्याच ग्रुपवरही टाकलं. पण चोराचा फोटो लोक पुढे पाठवतात, शिक्क्याचं पत्र कोण पाठवणार? मालकाने कारखान्याशी मिटवून घेतलं, त्याच्या गाड्या चालू राहिल्या. चालकाला मात्र त्याने परत घेतलं नाही. मी आणखी तीन ठिकाणी शब्द टाकला. सगळे म्हणाले, “साहेब, माणूस चांगला असेल, पण सीलची गाडी आहे.”

निवृत्तीनंतर एकदा धुळ्याला गेलो असता तो भेटला. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या जुन्या ट्रकच्या सावलीत तो भाकरी खात बसला होता. मी ओळखण्याआधी त्याने मला ओळखलं आणि उठून नमस्कार केला. भरतीच्या गाडीवर होता, परतीच्या मालासाठी दोन दिवस तिथेच थांबला होता. मी म्हणालो, “तब्येत बरी दिसते. आधीची धावपळ तरी नाही आता.” काय बोलावं ते सुचलं नाही, म्हणून बोललो.

तो हसला. म्हणाला, “हां साहेब. आते कोठेबी थांबा, कितलाबी टाईम थांबा, कोनी इचारत नही.”

नव्या अधिकाऱ्यांसमोर बोलायला बोलावतात, तेव्हा मी हेच प्रकरण सांगतो. ज्या धंद्याचा तपास करायचा, तो आधी त्या धंद्यातल्या माणसाकडून समजून घ्या, असं सांगतो. मुलं वहीत लिहून घेतात. त्या माणसाचं हसणं मात्र मला त्यांना सांगता येत नाही. आयुष्यभर वेळेवर पोचलेल्या माणसाची आता कोणी वाट पाहत नाही, आणि ते मी केलं.