तात्यांसाठी उठवलेली चित्रं

तात्या म्हणजे माझे सासरे. गेल्या वर्षी कळसच्या आमच्या पेरूच्या बागेत छाटणी चालली असताना त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. बारामतीच्या डॉक्टरांनी जीव वाचवला, उजवा हातही हळूहळू हलायला लागला, पण बोलणं गेलं. समोरचं सगळं त्यांना कळायचं, शब्द मात्र तोंडाशी येऊन अडकायचे. आम्ही हे हवं का, ते हवं का विचारत राहायचो, ते मान हलवत राहायचे आणि शेवटी चिडून भिंतीकडं तोंड करायचे.

बोट ठेवून सांगता यावं म्हणून मी मोबाईलमधले फोटो कागदावर छापून आणले. घामानं आणि सांडलेल्या आमटीनं त्यांचा लगेच लगदा झाला. सांगवीला माझा भाऊ सुतारकाम करतो. तात्यांना बघायला आला तेव्हा त्यानं ते कागद पाहिले.

"ताई, लाकडावर उठव की," तो म्हणाला. "मी स्टुलाखाली दुकानाचं नाव असंच उठवतो. लेझरची प्रिंट पालथी ठेवायची अन् वरनं गरम इस्त्री दाबायची. शाई वितळून लाकडाला धरती."

पुढच्या खेपेला तो तळहाताएवढ्या फळ्या घासून घेऊनच आला. मी फोटोखाली नाव घालून लेझरच्या प्रिंटा आणून ठेवल्या होत्या. तात्यांच्या खाटेशेजारी बसून आम्ही पहिली फळी केली. इस्त्री दाबून धरली, कागद तापल्याचा वास सुटला. कागद सोलला तर कपबशी झकास उमटलेली, पण खालचा 'चहा' उलटा! अक्षरं आरशातल्यासारखी छापून आणायची असतात, हे सांगायचं भावाच्या ध्यानातच राहिलं नव्हतं.

तात्यांनी फळी हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली आणि हसायला लागले. पोट हलेपर्यंत हसले. आजारपणानंतर त्यांचा आवाज घरात पहिल्यांदाच घुमला. सासूबाई पिठाच्या हातानं धावत बाहेर आल्या.

मग झेरॉक्सवाल्याकडून सगळं उलटं करून आणलं आणि जेवण, औषध, पाणी, बाग, नातवंडं अशा फळ्या केल्या. तात्या सकाळी उठले की आधी बागेच्या फळीवर बोट ठेवायचे आणि आम्ही त्यांना धरून बांधापर्यंत नेऊन आणायचो.

उन्हाळ्यात एकदा मी पेरूच्या पेट्या भरून दुपारी घरी आले. तात्यांनी पाण्याची फळी पुढं केली. मी तांब्या भरून दिला, तर त्यांनी तो माझ्याकडंच सारला. मला कळेना. कपाळावर आठ्या घालून, सारा जोर लावून ते म्हणाले, "तू."

मी तिथंच फरशीवर बसले आणि तांब्यातलं पाणी प्याले.

आता तात्या थोडं थोडं बोलतात. फळ्या कमी लागतात. मागच्या आठवड्यात भावाला फोन लावून दिला, तर त्याला एवढंच म्हणाले, "ये. जेवाय." भाऊ त्याच रविवारी आला.