दोघांनी घ्यायच्या गोळ्या

नरसम्माअक्कांनी मला हाताला धरून दवाखान्यात नेलं, म्हणून आज माझी गर्भाची पिशवी जागेवर आहे आणि मांडीवर लेक आहे. हे आधी लिहिते, कारण पुढचं लिहिताना हात थांबतो... मागच्या महिन्यात सोलापूरजवळच्या कुंभारीहून त्यांच्या सुनेचा फोन आला. अक्का झोपेतच गेल्या. आम्ही आता इकडे भिवंडीत राहतो, त्यात लेक तापानं फणफणलेली. मातीलाही जाता आलं नाही.

माझं माहेर मंगळवेढ्याकडचं, मेंढरांमागचं. शाळा सातवीत सुटली. लग्न होऊन कुंभारीला आले तेव्हा शेजारच्या अक्कांनीच विडी वळायला शिकवलं. त्या तेलुगू घरातल्या, पण मराठी आमच्यासारखीच बोलायच्या, फक्त मोठ्या आवाजात. पुढे मला अंगावरून पांढरं जायला लागलं. वास, आग, ओटीपोटात कळा. गल्लीतल्या सगळ्या बायका म्हणायच्या, ही तंबाखूची उष्णता, आपल्या कामात असतंच. मीही तेच धरून सब्जाचं पाणी पीत राहिले. शेवटी एका खासगी दवाखान्यात दाखवलं, तर पिशवी काढून टाका म्हणाले. मला अजून मूल नव्हतं.

अक्कांना कळलं तशा त्या मांडीवरचं विड्यांचं सूप खाली ठेवून उठल्या. "माझी काढली, तवापासनं ही कंबर माझी राहिली न्हाय. तुझी काढू देणार न्हाय. ऊठ, साडी बदल."

सोलापूरला सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी काय होतंय विचारलं. मी पदर तोंडात धरून अक्कांकडे बघत राहिले. "माझ्याकडं काय बघतीस? दुखणं तुझं, तूच बोल की." आणि मी बोलले... आयुष्यात पहिल्यांदा. तपासून बाई म्हणाल्या, जंतुसंसर्ग आहे, गोळ्यांनी बरा होईल, पिशवी काढायची गरज नाही. पण नवऱ्यानंही गोळ्या घ्यायच्या, नाहीतर पुन्हा होईल.

"मला काय झालंय?" म्हणून आमच्या ह्यांनी पुडी फळीवर टाकली. अक्का दारातूनच म्हणाल्या, "बाळू, घरात ढेकणं झाली तर बायकोच्याच वाकळंला औषध मारतोस काय रं?"

ह्यांना हसू आलं. मग मान खाली घालून पाणी मागितलं. "अक्का, कुणाला सांगू नका."

"सांगणार की. शान्या नवऱ्याचं सांगायचं न्हाय, तर कुणाचं सांगायचं?"

आणि खरंच सांगत फिरल्या. तेव्हा मी लाजेनं घराबाहेर पडेना. आज अभिमान वाटतो, कारण त्यानंतर गल्लीतल्या बायका एकेक करून अक्कांबरोबर सोलापूरला जायला लागल्या. काहींचे नवरेसुद्धा गेले, जरा मागं मागं चालत.

दुपारी अक्कांच्या ओट्यावर बायका विडीची पानं कापायला बसायच्या. सून सांगते, आताही बसतात, पण भिंतीकडची अक्कांची जागा मोकळी ठेवतात. हे लिहितानाही धाकधूक होते, माहेरी कुणी वाचलं तर... वाचू दे. अक्का, कधीतरी कुंभारीला येईन, तुमच्या त्या जागेवर बसेन आणि नव्यानं नांदायला आलेल्या पोरींना हे सगळं माझ्या तोंडानं सांगेन. तुमचं देणं मी असंच फेडीन.