शटरवाले भडका मिस्त्री

मिस्त्री पहिल्यांदा आमच्या घरी आले आणि पाच मिनिटांच्या आत त्यांनी माझ्या नवऱ्याला त्याच्याच दारात झापलं. ते मोटार ठेवायच्या खोलीच्या शटरचं माप घ्यायला आले होते. टेप अजून खिशातच होता. ह्यांनी कौतुकानं विचारलं, "रिमोट किती लांबून चालतो हो? गल्लीच्या तोंडापासून दाबला तर उघडेल का?" मिस्त्री एकदम उसळले. "उघडायचं काय घेऊन बसलात? कुत्रंबी उघडतं दार. बंद होताना काय होतं ते विचारा ना!"

परतुरात त्यांना सगळे भडका मिस्त्री म्हणायचे. तोंडावर नाही, पण त्यांना ते ठाऊक होतं. बाजाराच्या रस्त्याला त्यांचा गाळा होता आणि निम्म्या गावाच्या दुकानांची शटरं त्यांच्या हातची होती. शटर अडलं की लोक त्यांच्याकडेच जायचे, पण जाताना मनाची तयारी करून जायचे. कुलपाला वेळेवर तेल न घातल्यानं किल्ली तुटली असेल तर किल्लीआधी गिऱ्हाइकाची दुरुस्ती व्हायची.

त्यांची माप घ्यायची पद्धत वेगळी होती. आधी उंची-रुंदी नाही, आधी माणसं. "घरात कोण कोण हाय?" असं त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं, आम्ही दोघं, शाळेत जाणारी मुलगी आणि सासरे, तात्या. "म्हातारबाबाला ऐकू येतं का बराबर? गुडघे कसे हायत? पोरगी पळती का चालती?" ह्यांना हसू आलं. मिस्त्र्यांना नाही आलं. त्यांनी वहीत माणसं लिहून घेतली, मग टेप काढला, आणि तीन गोष्टी सांगितल्या. शटरच्या मोटरीला हातसाखळी हवीच, म्हणजे वीज गेली तरी हातानं शटर वर घेता येईल. खाली डोळा हवाच, म्हणजे सेन्सर. मधे कुणी आलं की शटर थांबून उलटं वर जायला पाहिजे. आणि त्या खोलीतून घरात उघडणारं एक दार हवं.

आम्ही तिन्हींतलं एकही ऐकलं नाही.

मी 'आम्ही' म्हणते आहे, कारण सगळा दोष नवऱ्यावर ढकलून मला मोकळं होता येत नाही. शहरातल्या एका मोठ्या दुकानात आम्ही दोघं गेलो होतो. तिथला मालक गोड बोलणारा. थंडगार सरबत पाजलं, पडद्यावर शटरं वर-खाली करून दाखवली. हातसाखळीचं विचारलं तर म्हणाला, "वहिनी, एवढ्या सुंदर घराला साखळी लोंबकळत ठेवणार? हल्ली कुणी लावत नाही." डोळ्याचं विचारलं तर म्हणाला, "पाल गेली तरी शटर थांबतं, कटकट नुसती. पाहिजे तर नंतर बसवू." आतल्या दाराच्या जागी ह्यांना भिंतीतलं कपाट हवं होतं. मला तिथेच मिस्त्र्यांचं बोलणं आठवलं होतं. मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा मला आजही संताप येतो.

ती मोटर बसवायला मिस्त्र्यांना बोलावलं तर त्यांनी खोकं उघडून बघितलं, बंद केलं आणि अंगणात ठेवून दिलं. "हे मी बसवत न्हाई."

"मजुरी देतो ना तुमची," हे म्हणाले.

"मजुरीचं बोलून राह्यलो का मी? साखळी न्हाई, डोळा न्हाई. पिंजरा हाय ह्यो. बसवा तुम्ही दुसऱ्याकडून." आणि गल्लीतून जाताना मागे वळून, चार घरांना ऐकू जाईल असं ओरडले, "शिकल्याली मानसं!"

आम्ही दुसऱ्याकडून बसवली.

पुढच्या उन्हाळ्यात मी शिकवते ती शाळा सकाळची होती. दुपारी साडेबाराला मी घरी आले तर शटरवर आतून थापा पडत होत्या. तात्या सकाळी दहाच्या सुमारास गाडीत राहिलेला चष्मा घ्यायला गेले होते. कुत्री आत शिरू नयेत म्हणून त्यांनी रिमोटनं शटर मागे लावून घेतलं आणि वीज गेली. त्या दिवशी वीजवाल्यांचं दुरुस्तीचं काम होतं, संध्याकाळपर्यंत वीज येणार नव्हती. वरून पत्रा, आत एकही खिडकी नाही. फोन घरात राहिलेला. अडीच तास ते शटर बडवत होते आणि भर उन्हात गल्लीत ऐकायला कुणी नव्हतं.

मी शटरला हात घातला, शेजारच्या दोघांनी घातला. बंद मोटर शटर घट्ट धरून ठेवते, हे तेव्हा कळलं. ते बोटभर हललं नाही. दुकानात फोन लावला. तोच गोड आवाज. "घाबरू नका मॅडम, वीज आली की आपोआप उघडेल."

"आत माणूस आहे!" मी किंचाळले.

"हो, पण आमचा माणूस उद्याच येऊ शकेल." आणि फोन ठेवला. त्यानंतर उचललाच नाही.

मला मिस्त्र्यांना फोन करायची लाज वाटली, हेही लिहितेच. त्यात दोन मिनिटं गेली. आत थापा थांबल्या तेव्हा लाज गळून पडली.

ते स्कूटरवरून आले. लोखंड कापायचं यंत्र त्यांच्याकडे होतं, पण तेही विजेवरचंच. त्यांनी पहार घेतली, शटर ज्या उभ्या खाचेत चालतं ती कडेची खाच खालच्या बाजूला उचकटली, पट्ट्या एकेक करून तिच्यातून बाहेर ओढल्या. पत्रा तापलेला होता आणि हातात नुसतं फडकं. सत्तरीला टेकलेला माणूस, घाम डोळ्यांत जात होता आणि तोंड सुरू होतं. शिव्या कुणाला होत्या कळत नव्हतं; मोटरीला, त्या दुकानदाराला, आम्हाला. फट हातभर झाली तसे ते आडवे होऊन आत सरकले आणि तात्यांना खांद्याला धरून बाहेर ढकललं. तात्यांच्या मुठी सोलून निघाल्या होत्या. जीभ कोरडी पडून शब्द फुटत नव्हता. दोन दिवस दवाखान्यात सलाईन लागलं. जगले. पण पुढे त्यांनी घरातलं कुठलंच दार पूर्ण लावू दिलं नाही, न्हाणीघराचंसुद्धा.

तिसऱ्या दिवशी मी मिस्त्र्यांच्या गाळ्यावर गेले. आभार मानायला तोंड उघडलं तर त्यांनी हात वर केला. मग मी विचारलं, "तुम्ही एवढे चिडता का हो सगळ्यांवर?"

ते हातातली पट्टी पुसू लागले. मग म्हणाले, "पहिले न्हवतो चिडत. लई गरीब मानूस होतो मी. एका बंगल्यात शटर बसवल्तं, डोळ्यासकट. मालक म्हनले, मिस्त्री, हे घडीघडी थांबतंय, काढून टाका ते. मी 'जी साहेब' म्हनलो. काढला. ह्याच हातानं. आठ दिवसांनी त्यांची पाच वर्साची पोरगी खालून पळाली. पाय गेला तिचा." पट्टी बाजूला ठेवून म्हणाले, "मला कुनी दोष न्हाई दिला, मॅडम. मालकानं बी न्हाई. पन मी त्या दिवशी चिडायला पाहिजे होतं. भांडायला पाहिजे होतं. चिडलो असतो तर ती पोरगी आज बराबर चालली असती."

नवी मोटर त्यांनीच बसवली. कपाट फोडून दार करून घेतलं. काम झाल्यावर मला म्हणाले, "दाबा रिमोट," आणि शटर खाली येत असताना स्वतःचा पाय त्याखाली ठेवला. मी ओरडले. शटर वीतभर वर थबकलं आणि उलटं गेलं. "मी बसवलंय ना? मंग पाय माझाच पाहिजे," असं म्हणून त्यांनी अवजारं गोळा केली.

पुढे त्यांचं हृदय बिघडलं. डॉक्टरांनी चिडायचं नाही असं बजावलं. गाळा मुलानं हातात घेतला. मुलगा चाळिशीचा, मृदू बोलणारा, गिऱ्हाईक न तोडणारा. माझी बहीण वडीगोद्रीला घर बांधत होती, तिच्यासाठी मी तिला घेऊन गाळ्यावर गेले. मुलगा म्हणाला, "ताई, डोळ्याची गरज न्हाई पडत. हे बिनडोळ्याचंच जास्त चालू हाय." कोपऱ्यात खुर्चीवर मिस्त्री बसलेले. वाळलेले, ओठ मिटलेले. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

मी आयुष्यात दुकानात आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. रस्त्यावरची माणसं थांबली. बहीण माझा हात ओढत होती. "बापाच्या देखत हे विकता?" मी म्हणाले. मुलगा गोरामोरा होऊन म्हणाला, "बाबा, तुम्ही तरी सांगा यांना."

"मॅडम बराबर बोलून राह्यल्या," मिस्त्री हळूच म्हणाले.

"मग तुम्ही का बोलत नाही?" मी त्यांच्यावरही चिडले.

"मला डॉक्टरनं मना केलंय," ते म्हणाले. "तुम्हाला कुठं केलंय? थांबू नका."

दिवाळीनंतर ते गेले. आम्ही दोघं भेटायला गेलो तेव्हा सतरंजीवर गावातली बरीच माणसं बसली होती. एकजण म्हणाला, "तापट होते, पण मनानं चांगले होते." सगळ्यांनी माना हलवल्या. माझ्या नवऱ्यानंही हलवली.

माझं डोकं फिरलं. मी त्या घरात, त्या सगळ्यांसमोर म्हणाले, "त्यात 'पण' कशाला घालता? मनानं चांगले होते म्हणूनच तापट होते. आपण सगळी थंड माणसं. माझे सासरे आत गुदमरत होते तेव्हा जो माणूस माझ्याशी फोनवर गोड बोलला, तोही थंडच होता."

हे मला 'हळू बोल' म्हणून खुणावत होते. मी हळू बोलले नाही.