निळं अस्वल

शाळेतल्या दोस्तांच्या ग्रुपवर आज सकाळपासून लहानपणीच्या कार्टूनमधल्या निळ्या अस्वलाची चिरफाड चालली आहे. वंदना म्हणते, त्याची गळकी बादली म्हणजे आपली समाजव्यवस्था. अगं बाई, बादली गळायची, अस्वल घसरून पडायचं आणि आपण हसायचो, बस्स! सुहासचं तर त्याहून वर: निळा रंग म्हणजे एकाकीपण.

सुहास, ते अस्वल निळं नव्हतंच रे! आख्खी गल्ली तुमच्याच घरी टीव्ही बघायला यायची. टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट. पोरांच्या डोळ्यांना त्रास नको म्हणून तुझ्या बाबांनी त्याच्यापुढे निळी काच बसवली होती. बातम्या देणारी बाईसुद्धा निळीच दिसायची. तिचंही एकाकीपण काढ की मग!

एवढं रागारागाने टाइप केलं आणि पाठवता पाठवता थांबलो. एकाकी म्हणे! त्या खोलीत आम्ही वीस पोरं दाटीवाटीने बसायचो. तुझे बाबा स्वतःच्याच घरात दाराशी उभे राहायचे आणि ओरडायचे, "मागे सरका रे, डोळे जातील!"

मग सगळं खोडलं आणि एवढंच पाठवलं : निळा रंग म्हणजे तुझे बाबा, गाढवा.