वळणावरचं अंजीर

चेक देशात, मोरावियातल्या आमच्या गावात ओताकर काकांबद्दल वाईट बोलायचं तर माणसाला घरून तयारी करून यावं लागे. काका सरळ होते, ऐकणाऱ्याला कंटाळा यावा इतके सरळ. जन्मभर बस डेपोत मेकॅनिक. त्या काळी, कम्युनिस्ट राजवटीत, डेपोतून, कारखान्यातून काहीबाही घरी आणण्याला कोणी चोरी म्हणत नसे. गावातली निम्मी कुंपणं सरकारी तारेची आहेत, आमचंही त्यातच आलं. काकांनी मात्र साधा बोल्टही आणला नाही. नाही आणला ते ठीक, पण बिअरच्या दुसऱ्या ग्लासाला ते हे सांगायचेच. मग समोरची मंडळी आपापलं कुंपण आठवत गप्प बसायची.

निवृत्त झाल्यावर त्यांनी एका बेकरीची पाव पोचवणारी जुनी व्हॅन घेतली आणि सबंध हिवाळा खपून तिच्यात बिछाना, शेगडी आणि फडताळं बसवली. मिलादा काकूनं पडदे शिवले. तेव्हापासून दर उन्हाळ्यात दोघं दक्षिणेला समुद्राकडे निघायची. निघताना गाडीत घरचा बाजार भरलेला असे: पावाचा चुरा लावून तळलेले डुकराच्या मांसाचे तुकडे, काकडीचं लोणचं, आणि बटाट्यांचं एक अख्खं पोतं.

"ओता, तिकडे बटाटे उगवत नाहीत का रे?" दारूच्या गुत्त्यात कोणीतरी विचारायचंच.

"उगवतात," काका म्हणायचे. "पण ते त्यांचे."

या माणसाच्या हिशेबात एकच गोष्ट कोणाची नव्हती: रस्त्याकडेच्या झाडाचं फळ. आमच्याकडे रस्त्यांच्या दुतर्फा चेरी, सफरचंद, प्लमची झाडं लावलेली असतात. शाळेतून येताना पोरं तोडतात, म्हातारे सायकल टेकवून तोडतात, कोणी हटकत नाही. काका तसेच वाढलेले. झाड रस्त्यावर आहे म्हणजे सगळ्यांचं, यात विचार करण्यासारखं काही असतं हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

पुढचं मला काकूनं सांगितलं. काका ग्रीसची सगळी सफर रंगवून सांगतात, फक्त एवढा मुक्काम गाळतात.

ऑगस्टचा मध्य होता, तिकडे मेरीमातेच्या सणाचे दिवस. दक्षिण ग्रीसमध्ये डोंगराच्या एका वळणावर त्यांनी रात्रीच्या मुक्कामाला गाडी लावली. शेजारीच अंजिराचं झाड, फांद्या रस्त्यावर आलेल्या, फळं इतकी पिकलेली की बोट लावलं की हातात. काका टपावर चढले, काकूनं खाली टोपलं धरलं. झाड जवळपास रिकामं झालं. सकाळी गाडीतल्या शेगडीवर काकूनं जाम केला आणि बरण्या भरल्या.

पाणी संपलं होतं म्हणून ती दोघं थोडं खाली पहिल्याच घरापाशी थांबली. घर स्तामातिस नावाच्या म्हाताऱ्याचं. तरुणपणी तो जर्मनीत कारखान्यात होता, आणि काकूनं बरीच वर्षं सीमेपलीकडे ऑस्ट्रियातल्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात काढलेली. त्यामुळे दोघांचं मोडक्या जर्मनमध्ये छान जमलं. त्यानं पाणी दिलं, त्याच्या बायकोनं कॉफी पाजली आणि ती परडी घेऊन बाहेर पडली. फुकट काही घेतील तर ते काका कसले? त्यांनी गाडीतून जामची बरणी आणून त्याच्या हातात ठेवली, आणि एखादं बक्षीस देताना राहावं तसे ताठ उभे राहिले.

म्हाताऱ्यानं झाकण काढून वास घेतला. कुठलं अंजीर, म्हणून विचारलं. काकांनी मोठ्या खुशीत वरच्या वळणाकडे हात केला. काकूनं भाषांतर केलं, की ते रस्त्यावरचं, कोणाचंच नाही ना ते.

स्तामातिस क्षणभर वर बघत राहिला. मग म्हणाला, "चांगलं झाड आहे." आणि कॉफी आणखी हवी का, म्हणून विचारलं.

पुढच्या गावाला जायला पुन्हा वळणावरूनच जायचं होतं. तिथे झाडाखाली स्तामातिसची बायको उभी होती, हातात रिकामी परडी. सोबत अथेन्सहून सणाला आलेली मुलगी, तिच्या बॅगा अजून रस्त्यावरच होत्या. मुलगी फांद्या वाकवून वाकवून बघत होती. गाडी दिसताच म्हातारीनं हात हलवला, पाहुण्यांना हलवतात तसा.

काकू म्हणाली, थांब. काका थांबले नाहीत. पुढे एका छोट्या देवळापाशी त्यांनी गाडी उभी केली आणि स्टिअरिंग धरून बसून राहिले.

"आपण त्याला त्याचीच अंजिरं भेट दिली," काकू म्हणाली.

"मला कळलंय."

"मग वळव गाडी. जाऊन सांगू."

"तू सांग. मला ते येत नाही."

"काय येत नाही? जर्मन मी बोलेन."

"माफी मागायला," काका म्हणाले.

काकू सांगते, लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण हा माणूस किती कोरा आहे हे तिला तेव्हा कळलं. कधी काही चुकलंच नाही, मग सवय कुठून असणार? शेवटी काकांनी गाडी वळवली, पण घराच्या अलीकडे रस्त्यातच थांबवली. काकू घरच्या प्लमच्या दारूची बाटली घेऊन चालत गेली. काका मागे बिछान्यावर जाऊन बसले आणि पडदा ओढला. फटीतून त्यांना सगळं दिसत होतं. काकू उभी राहून बोलतेय, म्हातारी तिला खुर्ची देतेय, मुलगी हसतेय. मग स्तामातिसनं गाडीकडे बघून 'या' म्हणून हात केला. काकांनी फट बंद केली.

काकू परतली ती कापडानं झाकलेलं ताट घेऊन. आत सणाचं जेवण.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, दर वर्षी कोणी ना कोणी तोडतंच. आणि तुझा नवरा कुठंय, म्हणून विचारलं."

"तू काय सांगितलंस?"

"झोपलाय म्हणून."

काका पुढे येऊन किल्लीला हात घालणार, एवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की म्हातारा अजून अंगणात उभा आहे. आता गाडी सुरू केली तर बायको खोटी पडणार. डेपोतून बोल्ट न आणलेला तो माणूस मुकाट्यानं मागे गेला आणि ऐन दुपारी, तव्यासारख्या तापलेल्या टपाखाली, पडदे ओढून डोळे मिटून पडून राहिला.